विश्लेषण : घरी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर ‘हूंऽऽ’ का करतो? थ्री-पिनची जाड पिन कापणे हा त्यावरचा इलाज का नाही?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून काहीशे रुपयांचा अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड आणायचा, एक ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, जुन्या होम थिएटरचे स्पीकर जोडायचे आणि दोन सुट्ट्यांत स्वतःची साऊंड सिस्टीम उभी करायची, हा छंद राज्यात जुना आहे. डिप्लोमाचे विद्यार्थी, आयटीआयची मुले, मंडळात ‘वायरिंग बघणारा’ कार्यकर्ता, निवृत्तीनंतर सोल्डरिंग गन हाती घेतलेले काका असे अनेक जण तो करतात. मात्र स्विच दाबल्यावर गाणे सुरू होण्याआधीच स्पीकरमधून एक अखंड ‘हूंऽऽ’ येऊ लागते आणि सल्ल्यांचा पाऊस पडतो. दुकानदार म्हणतो, मोठा कपॅसिटर टाका. मित्र म्हणतो, वायर बदल. आणि मोबाइलवरच्या एखाद्या व्हिडीओत कुणीतरी पक्कड घेऊन थ्री-पिनची तिसरी पिनच उडवून दाखवतो. हमिंग क्षणात थांबते. या तीन सल्ल्यांपैकी पहिले दोन अनेकदा पैसे वाया घालवतात. तिसरा मात्र जिवावर बेतू शकतो आणि नेमका तोच सर्वांत खात्रीशीर वाटतो.

हमिंग येते तरी कुठून?

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची आहे. म्हणजे सेकंदाला ५० वेळा तिचे चक्र पूर्ण होते. ही कंपने स्पीकरपर्यंत पोहोचली की कानाला खर्जातली गुणगुण ऐकू येते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी जोडले गेले. तेव्हापासून संपूर्ण देशाचे ग्रिड एकाच तालावर चालते. त्यामुळे कोल्हापुरातल्या आणि गुवाहाटीतल्या अ‍ॅम्प्लिफायरचे हमिंग कोणत्याही क्षणी एकाच सुरात असते. ग्रिडची वारंवारिता ठरलेल्या पट्ट्यात किंचित वर-खाली होत राहते. एखाद्या ध्वनिमुद्रणात उमटलेली ही चढ-उतार ग्रिडच्या नोंदींशी ताडून ते मुद्रण केव्हाचे आहे, हे शोधण्याची पद्धत न्यायवैद्यक तपासात वापरली जाते. एरवी डोकेदुखी ठरणारे हमिंग तिथे साक्षीदार होते.

निदानासाठी एक फरक आधी समजून घ्यायला हवा. स्पीकरमधून येणारे हमिंग ढोबळमानाने दोन प्रकारचे असते. एक ५० हर्ट्झचे. ते गोल, खोल आणि मऊ असते. ते बहुतेक वेळा बाहेरून शिरते, म्हणजे उघड्या वायरने टिपलेले, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून आलेले किंवा अर्थिंगच्या फेऱ्यातून आलेले. दुसरे १०० हर्ट्झचे. ते जरा टोकदार आणि भुंग्यासारखे असते. अ‍ॅम्प्लिफायरमधले चार डायोड एसीचे डीसी करताना लाटेचा खालचा भाग उलटवून वर आणतात, त्यामुळे सेकंदाला ५० ऐवजी १०० उंचवटे तयार होतात. हे हमिंग ऐकू आले की संशय पॉवर सप्लायकडे किंवा पेटीतल्या ग्राउंडच्या वायरिंगकडे वळवावा. अपवाद एकच. चारपैकी एक डायोड उडाला असेल, तर पॉवर सप्लायमधूनही ५० हर्ट्झ येऊ शकते.

दोन्हींतला फरक कानाला कळत नसेल, तर खिशातला मोबाइल कामाला येतो. टोन जनरेटरचे कोणतेही साधे अ‍ॅप घेऊन हेडफोनमध्ये आधी ५० आणि मग १०० हर्ट्झचा स्वर ऐकावा. मोबाइलच्या स्पीकरवर हा प्रयोग करू नये, कारण इतका खालचा स्वर त्या चिमुकल्या स्पीकरला झेपतच नाही आणि ‘आवाज येत नाही’ असा गैरसमज होतो. दोन स्वर एकदा कानात बसले की पुढचा अर्धा तपास सोपा होतो.

दुकानात जाण्याआधी व्हॉल्यूमचे बटण फिरवा

डॉक्टरने नाडी बघण्याआधीच सलाइन लावावे, तसा प्रकार या छंदात सर्रास चालतो. बिघाड कुठल्या भागात आहे हे न शोधताच भाग बदलले जातात. वास्तविक एकही रुपया खर्च न करता, पाच मिनिटांत बिघाडाचा पत्ता बराचसा कळू शकतो.

व्हॉल्यूम पूर्ण कमी करावा. हमिंग जसेच्या तसे राहिले, तर दोष व्हॉल्यूमच्या बटणाच्या पुढे आहे, म्हणजे मुख्य अ‍ॅम्प्लिफायर बोर्डात, पॉवर सप्लायमध्ये किंवा त्यांच्यातल्या जोडणीत. व्हॉल्यूमबरोबर हमिंगही वाढत-घटत असेल, तर दोष त्याच्या अलीकडे आहे. मग केबल, मोबाइल, लॅपटॉप, ब्लूटूथचा बोर्ड किंवा टोन कंट्रोल तपासावा. तिसरीही एक शक्यता असते आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. बटण शून्यावर आणि पूर्ण मोठे केल्यावर हमिंग कमी, पण मधोमध आणल्यावर सर्वाधिक, असे होत असेल, तर व्हॉल्यूम कंट्रोलपासून बोर्डापर्यंत जाणारी वायर बाहेरचे हमिंग टिपत असते. बटण मधोमध असताना त्या वायरला ‘दिसणारा’ रोध सर्वाधिक असतो, म्हणून ती तेव्हाच सर्वाधिक हळवी होते. तिथे शील्ड असलेली वायर वापरली आणि कंट्रोलचे धातूचे कवच ग्राउंडला जोडले की प्रश्न मिटतो.

हमिंग व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल, तर पुढची पायरी इनपुटची केबल काढण्याची. केबल काढल्यावर हमिंग वाढले, तर घाबरू नये. उघडे इनपुट अँटेनासारखे वागते आणि खोलीतले सगळे टिपते. म्हणूनच या कामात सर्वांत उपयोगी हत्यार म्हणजे शॉर्टिंग प्लग. साधी आरसीए पिन घ्यायची आणि तिची मधली दांडी बाहेरच्या कड्याला सोल्डर करून टाकायची. हा प्लग इनपुटला लावल्यावर अ‍ॅम्प्लिफायर शांत झाला, तर अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष आहे आणि आरोपी बाहेर आहे. शांत झाला नाही, तर आरोपी पेटीच्या आत आहे. दहा-वीस रुपयांची ही पिन हजार रुपयांची खरेदी वाचवते. तरीही ती घरी बनवून ठेवणारे हौशी मोजकेच, कारण निदानापेक्षा खरेदीत मजा जास्त असते.

आणखी एक. स्पीकरच्या वायरी काढल्यावरही पेटीतून घुर्र-घुर्र येत असेल, तर तो ध्वनीचा प्रश्नच नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचीच ती थरथर आहे. स्क्रू आवळावेत, खाली रबराचा वॉशर घालावा आणि पुढे जावे.

मोठा कपॅसिटर टाकून हमिंग जाते का?

कधी कधी जाते. पण बाजारात हा सल्ला सर्व रोगांवर एकच गोळी दिल्यासारखा दिला जातो, म्हणून त्याचा हिशेब एकदा मांडायला हवा.

कपॅसिटरचे काम दोन उंचवट्यांमधली दरी भरून काढण्याचे. १०० हर्ट्झला ही दरी एका सेकंदाच्या शंभराव्या भागाची असते. अ‍ॅम्प्लिफायर १ अँपिअर प्रवाह खेचत असेल आणि कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचा असेल, तर तेवढ्या वेळात व्होल्टेज साधारण २ व्होल्टने खाली येते. १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर हीच घसरण १० व्होल्टच्या घरात जाते. म्हणजे अगदीच लहान कपॅसिटर लावला असेल किंवा जुन्या कपॅसिटरचा माथा फुगून तो आतून सुकला असेल, तर तो बदलणे योग्यच.

पण हमिंगची तक्रार बहुतेकदा गाणे बंद असताना, शांततेत असते. तेव्हा टीडीए २०३० सारखा आयसी एक अँपिअर खेचत नाही. तो काही दशांश मिलिअँपिअर नव्हे, तर फार तर ४०-५० मिलिअँपिअर खेचतो. ५० मिलिअँपिअरला ४७०० मायक्रोफॅरडवरची लहर एक दशांश व्होल्टच्या आसपास राहते आणि अशा आयसींची रचनाच पुरवठ्यातली लहर बरीचशी दाबून टाकण्यासाठी केलेली असते. म्हणजे ठीकठाक सप्लाय असलेल्या पेटीत शांततेतले हमिंग कपॅसिटरच्या कमतरतेमुळे येण्याची शक्यता कमीच. दुकानदाराचे ऐकून ४७०० चा १०,००० केला आणि आवाजात फरक पडला नाही, हा अनुभव म्हणूनच इतका सार्वत्रिक आहे.

उलट काही पेट्यांत मोठ्या कपॅसिटरने भुणभुण वाढते. डायोडमधून कपॅसिटरमध्ये प्रवाह संथ धारेने जात नाही. प्रत्येक उंचवट्याच्या टोकाला तो क्षणभराच्या जोरदार झटक्याने भरतो. कपॅसिटर मोठा केला की हे झटकेही जोरदार होतात. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपपासून कपॅसिटरपर्यंत जाणाऱ्या वायरमधून हे झटके धावतात आणि तिच्याच अंगाखांद्यावर कुणी इनपुटचे ग्राउंड सोल्डर केले असेल, तर प्रत्येक झटका संगीतात मिसळतो. याचा इलाज बाजारात विकत मिळत नाही, तो जोडणीत असतो. मधला टॅप आणि दोन्ही कपॅसिटर आधी एकमेकांना आखूड, जाड वायरने जोडावेत. त्यानंतर वेगळ्या वायरने एक बिंदू बाहेर काढावा आणि इनपुट, स्पीकर, व्हॉल्यूम कंट्रोल या सगळ्यांचे ग्राउंड त्या एकाच बिंदूवर आणावे. जाणकार याला ‘स्टार ग्राउंड’ म्हणतात. घरगुती पेट्यांतली निम्मी भुणभुण तरी केवळ एवढ्या फेरजोडणीने कमी व्हावी, इतका हा दोष सर्रास दिसतो.

ट्रान्सफॉर्मरबद्दलही दोन शब्द. चौकोनी पत्र्यांच्या स्वस्त ट्रान्सफॉर्मरभोवती चुंबकीय क्षेत्र सांडत असते. गोल टोरॉइडलमधून ते कमी सांडते. अ‍ॅल्युमिनिअमची पेटी किंवा शील्डची वायर हे क्षेत्र अडवू शकत नाही, लोखंडी पत्रा थोडेफार अडवतो. सर्वांत स्वस्त इलाज अंतराचा. ट्रान्सफॉर्मर एका कोपऱ्यात आणि इनपुटचा भाग समोरच्या कोपऱ्यात ठेवावा. ट्रान्सफॉर्मर पक्का करण्याआधी वायरी लांब ठेवून तो जागच्या जागी कसा फिरवला की हमिंग कमी होते, हे ठरवावे. ठेवण्याची दिशा बदलताना दर वेळी प्लग काढावा. चालू ट्रान्सफॉर्मर हाताने फिरवणाऱ्यांचे व्हिडीओ कमी नाहीत, त्यांचे अनुकरण नको.

लॅपटॉप जोडला की हमिंग, चार्जर काढला की शांतता

मोबाइलवर गाणे लावले तर सगळे ठीक, लॅपटॉप जोडला की हमिंग आणि लॅपटॉपचा चार्जर काढताच ते गायब, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. याला ग्राउंड लूप म्हणतात. गंमत अशी, की यात लॅपटॉप निर्दोष असतो, अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष असतो आणि केबलही निर्दोष असते.

अ‍ॅम्प्लिफायर थ्री-पिनने अर्थिंगला जोडलेला. लॅपटॉपचा चार्जरही थ्री-पिनचा. दोघांमध्ये ऑडिओ केबल लावली की तिच्या शील्डमधून त्यांचे ग्राउंड दुसऱ्यांदा जोडले जाते आणि एक मोठे वेटोळे तयार होते. चार्जरमधला गळतीचा प्रवाह आणि आसपासच्या वायरींचे चुंबकीय क्षेत्र या वेटोळ्यात प्रवाह खेळवत राहते. समजा, शील्डचा रोध ०.१ ओहम आणि वेटोळ्यातला प्रवाह २० मिलिअँपिअर. मग शील्डच्या दोन टोकांत २ मिलिव्होल्टचा फरक पडतो. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण अ‍ॅम्प्लिफायरला तो संगीतापेक्षा वेगळा ओळखता येत नाही. तो त्याला तीसपट करून ६० मिलिव्होल्टने स्पीकरवर पाठवतो आणि रात्रीच्या शांत खोलीत ते सहज ऐकू येते.

इथला पहिला उपाय फुकटचा आहे. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावावीत. एक बेडरूमच्या आणि दुसरे हॉलच्या सॉकेटवर असेल तर वेटोळे घरभर पसरते. तेवढ्याने न भागल्यास ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. तो काहीशे रुपयांतच येतो. त्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. ते आवाज पुढे पाठवतात, पण धातूची सलग जोडणी तोडतात. अगदी स्वस्त आयसोलेटर खर्जातला आवाज थोडा खातात, हे लक्षात ठेवून घ्यावा. ब्लूटूथ वापरले तर केबलच नसते, त्यामुळे वेटोळेही नसते.

पेटी नव्याने बांधणाऱ्यांसाठी आणखी एक जुना, चांगला तोडगा आहे. अर्थिंगची वायर धातूच्या कॅबिनेटला स्क्रू आणि लगने घट्ट जोडायची आणि आतल्या बोर्डाचे ग्राउंड मात्र कॅबिनेटला थेट न जोडता १० ओहमच्या रोधातून जोडायचे. वेटोळ्यातला काही मिलिअँपिअरचा प्रवाह या रोधाने अडतो. रोधाला समांतर जड डायोडचा ब्रिज लावला, तर बिघाडाच्या वेळी मोठ्या प्रवाहालाही वाट मिळते. यात कॅबिनेटचे अर्थिंग क्षणभरही सुटत नाही, आणि पिन कापणे व हा तोडगा यांतला सगळा फरक तेवढाच आहे.

पिन कापल्यावर हमिंग थांबते, मग अडचण काय?

थांबते, हे खरे आहे. वेटोळे तुटते, म्हणून थांबते. या उपायाचा धोकाही तोच आहे, कारण तो काम करतो आणि म्हणून पटतो. तो करणाऱ्याला आपण बिघाड दुरुस्त केला असे वाटते.

थ्री-पिनची ती पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब का असते? प्लग खोचताना सर्वांत आधी अर्थिंग जुळावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे म्हणून. घरगुती पेटीत २३० व्होल्टची वायर ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते. ती स्विचच्या टोकाशी सुटू शकते. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट न लावल्याने घासून उघडी पडू शकते. स्वस्त ट्रान्सफॉर्मरच्या आतले इन्शुलेशन जळू शकते. यांपैकी काहीही झाले आणि फेज कॅबिनेटला टेकली, तर अर्थिंग असताना एकदम मोठा प्रवाह वाहतो, फ्यूज जातो किंवा एमसीबी पडतो. खोलीत अंधार होतो, एवढेच. अर्थिंग नसेल तर काहीच होत नाही, आणि खरी भीती तिथेच आहे. गाणे छान सुरू राहते. आवाज स्वच्छ असतो. फक्त कॅबिनेट, व्हॉल्यूमच्या बटणाची दांडी, ऑडिओ केबलचे धातूचे टोक आणि त्या केबलला जोडलेला माइक हे सगळे २३० व्होल्टवर असते. मंडपात ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहून आरतीसाठी माइक हातात घेणाऱ्याला हे दिसत नाही.

हा कल्पनेचा खेळ नाही. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वे याचा ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वॉन्झी येथे मंचावरच मृत्यू झाला. नीट अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये स्वतःच्या घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला. तिथेही अर्थिंगचाच दोष होता. ही दोघे व्यावसायिक संगीतकार होती, विजेच्या उपकरणांशी त्यांचा रोजचा संबंध होता.

पिन कापणाऱ्यांचा ठरलेला युक्तिवाद असतो : कंपनीचा डेक टू-पिनवर चालतो, मग आपला का नको? कारण त्या डेकच्या मागे एकात एक असे दोन चौकोन छापलेले असतात. त्या खुणेचा अर्थ असा, की आत दुहेरी इन्शुलेशन आहे आणि तशी रचना तपासूनच तो बाजारात आला आहे. पत्र्याच्या पेटीत दोन संध्याकाळी जोडलेल्या वायरिंगला ती खूण लावता येत नाही.

दुसरा युक्तिवाद आरसीसीबीचा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे, मग भीती कसली? आरसीसीबी हवाच. तो नसेल तर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी तो बसवावा. पण अर्थिंग शाबूत असेल तर कॅबिनेटला फेज टेकताच तो पडतो. अर्थिंग कापलेले असेल तर तो पडण्यासाठी कुणीतरी त्या कॅबिनेटला हात लावण्याची वाट पाहावी लागते. गळतीचा प्रवाह वायरीतून जावा की माणसातून, एवढाच हा प्रश्न आहे.

हात लावला की हमिंग कमी होते, हे कशाचे लक्षण?

अनेक जण हे कौतुकाने सांगतात. कॅबिनेटवर हात ठेवला की आवाज स्वच्छ! प्रत्यक्षात ती धोक्याची घंटा आहे. कॅबिनेट कशालाच जोडलेले नाही, ते तरंगते आहे आणि जे काम तांब्याच्या वायरने करायचे ते हात लावणाऱ्याचे शरीर करत आहे. सोबत बोटांना झिणझिण्या येत असतील किंवा टेस्टर मंद पेटत असेल, तर पेटी बंद करून प्लग काढावा आणि मगच पुढचा विचार करावा.

कधी कधी पिन शाबूत असते, पण भिंतीतले सॉकेटच पोकळ असते. जुन्या चाळींत आणि वाड्यांत तिसऱ्या भोकामागे वायरच नसलेली सॉकेट आजही सापडतात. मल्टिमीटर असेल आणि तो सुरक्षितपणे वापरता येत असेल, तर सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलमध्ये सुमारे २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच आणि न्यूट्रल व अर्थमध्ये फार तर काही व्होल्ट दिसायला हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये दहा-वीस किंवा त्याहून जास्त व्होल्ट दिसले, तर अर्थिंग सुटलेले किंवा कमकुवत आहे. आणि भार चालू असतानाही अगदी शून्य दिसले, तर खूश होण्याआधी शंका घ्यावी. सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एकाच तुकड्याने जोडून ‘अर्थिंग करून दिलेले’ असू शकते. वरून न्यूट्रल तुटला की अशा जोडणीत त्या सॉकेटवरच्या प्रत्येक धातूच्या पेटीवर २३० व्होल्ट येतात. नळाच्या पाइपला वायर गुंडाळण्याचा जुना जुगाडही आता निरुपयोगी आहे, कारण बहुतेक नळजोडण्या प्लास्टिकच्या झाल्या आहेत. मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची जबाबदारी असते. ती परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. त्याचा खर्च अनेकदा अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा जास्त होतो आणि तिथेच बहुतेकांचा उत्साह मावळतो.

इथे थोडी जबाबदारी इतरांचीही आहे. बोर्ड विकणाऱ्या दुकानात थ्री-पिन कॉर्ड आणि ग्रोमेट मागितल्याशिवाय मिळत नाही. ते बोर्डाबरोबरच पुढे करायला काय हरकत आहे? कॉलेजच्या प्रकल्प प्रदर्शनात अ‍ॅम्प्लिफायरचे गुण आवाजावर दिले जातात. परीक्षकाने पेटी उघडून आधी हिरवी वायर कुठे जाते ते पाहिले आणि ती कुठेच जात नसेल तर आवाज ऐकायचे नाकारले, तर पुढच्या वर्षी प्रत्येक पेटीत ती वायर असेल. पिन कापण्याचे व्हिडीओ बनवणाऱ्यांना लाइक मिळतात. त्याखाली आयसोलेटरचा उल्लेख करणारी एक प्रतिक्रिया लिहायला अर्धे मिनिट लागते.

हमिंग नाही, पण खरखर आणि टिकटिक आहे

सगळेच आवाज वीजवाहिनीचे नसतात. ब्लूटूथचा बोर्ड अ‍ॅम्प्लिफायरच्याच सप्लायवर चालवला, तर जोडणीची वाट पाहताना तो बारीक चिवचिव आणि टिकटिक करतो. त्याला वेगळ्या बॅटरीवर चालवून पाहावे. आवाज गेला, तर बी०५०५एस सारखा ५ व्होल्टचा आयसोलेटेड कन्व्हर्टर मध्ये घालावा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर असताना भुणभुण वाढत असेल, तर दोष रेग्युलेटरचा. तो लाट सेकंदाला १०० वेळा कापतो आणि त्याचा कचरा वायरींत पसरतो. पंखा पूर्ण वेगावर नेला की आवाज कमी होतो, हीच त्याची खूण. आपले आजोबा वापरायचे तो भिंतीवरचा मोठा डबा रेग्युलेटर याबाबतीत सज्जन होता. स्वस्त एलईडी बल्ब आणि मोबाइल चार्जर यांचाही असाच हिशेब. एकेक बंद करून पाहावे. फोन येण्याआधी स्पीकरमधून ‘टिड्-टिड्-टिड्’ येत असेल, तर तो टू-जी सिग्नलचा आवाज आहे. मोबाइल हातभर लांब ठेवला की जातो.

पेटी उघडून तपास करणार असाल, तर प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते, हे विसरू नये. शे-दोनशे ओहमच्या जाड रोधाने ती उतरवावी. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नये. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना पेटी सिरीज बोर्डवर, म्हणजे ६० किंवा १०० वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बमधून चालवावी. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे.

आणि हे सगळे केल्यावरही स्पीकरच्या जाळीला कान लावला की एक हलकी ‘सूंऽऽ’ ऐकू येईल. ती अ‍ॅम्प्लिफायरमधल्या भागांच्या स्वतःच्या उष्णतेतून आणि आयसीतून येते. ती वीजवाहिनीची नाही आणि नेहमीच्या बैठकीच्या जागेवरून ऐकू येत नसेल, तर तिच्यासाठी पुन्हा दुकान गाठण्याची गरज नाही.